गावाचं विकिपीडिया पान लिहायला घेतलंय, पण पुरावा आणू कुठून?

दारव्ह्याची_लेक

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं सेतू केंद्र आहे. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे फॉर्म, दिवसभर हेच. दुपारी सर्व्हर बसला की हात रिकामे. त्या वेळात मराठी विकिपीडियावर काही करावं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून खातं उघडलं आणि धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, थोडं खरडून पाहिलं. आमच्या गावाचं पान आहे, पण दीड ओळीचं. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे, बस, एवढंच.

लिहायला पुष्कळ आहे. अडाण नदीच्या अंगाला महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे. पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला आणि कळस राहून गेला, असं म्हातारे सांगतात. शकुंतला या जुन्या नॅरोगेज रेल्वेगाडीनं मूर्तिजापूरला गेलेली माणसं गावात अजून आहेत. माझी आजेसासू त्यातलीच. ती म्हणते, चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बोरं वेचायची आणि पळत येऊन परत चढायची.

पण मदतीची पानं वाचली तर जिथे तिथे संदर्भ मागतात. आजेसासूचा संदर्भ कसा देऊ?

आणि दुसरं म्हणजे गावात बातमी फुटली. सरपंचसाहेब केंद्रावर येऊन बसले. 'कर्तव्यदक्ष, विकासपुरुष' असं लिही, मोबाइल नंबर टाक, व्यायामशाळेच्या उद्घाटनाचा फोटो लाव म्हणे. नाही म्हणावं तर पाण्यात राहून माशाशी वैर. काय करू?

बोंडातला_कापूस

ताई, मी कास्तकार माणूस. बोंडअळी, तूर, संत्रा अशा पानांवर नजर ठेवतो. हंगाम आला का कोणी ना कोणी येऊन बोंडअळीच्या पानात एखाद्या औषधाचं नाव अन् एकरी डोस घुसवते. मी ते काढतो, काहून काढलं ते खाली लिहितो अन् पुढं जातो. आमच्याकडं पंपाची लाइन रातीच येते. ओलिताले गेलो का धुऱ्यावर बसल्या बसल्या मोबाइलवर हे काम होते.

सरपंचाले सांग, 'भाऊ, हे पान माह्या मालकीचं नाही.' खरंच नाही. कोणाचंच नाही.

मोर्शीचे_मास्तर

ताई, आधी सरपंचांचं उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. त्यांना केंद्रावर बोलवा आणि कुठल्याही पानाचा 'इतिहास' उघडून दाखवा. कोणी, किती वाजता, कोणता शब्द घातला, सगळं तिथे राहतं. 'विकासपुरुष' आज टाकला तर उद्या कोणीतरी काढणार, आणि टाकला आणि पुसला गेला हे दोन्ही कायम दिसणार. मग विरोधी पार्टीचं एखादं पोरगं त्याचा स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर फिरवणार. तत्त्वाच्या गोष्टी सांगून कोणी ऐकत नाही, पण हे ऐकतात. फोन नंबर तर कोणाचाच टाकायचा नाही. आणि लिहिण्याबद्दल कोणी पैसे देऊ केले आणि तुम्ही घेतले, तर ते जाहीर करणं विकिमीडियाच्या वापर-अटींमध्ये २०१४पासून बंधनकारक आहे.

आता पुराव्याचं. नवीन माणसाला वाटतं की संदर्भ म्हणजे इंटरनेटची लिंक. तसं नाही. छापील पुस्तक, त्याचं साल, पान क्रमांक, एवढं पुरतं. तालुक्याच्या वाचनालयात धूळ खात पडलेलं पुस्तक चालतं. खेड्यातल्या माणसाची खरी किंमत इथेच आहे. पुण्या-मुंबईत बसलेला कितीही हुशार संपादक असो, तुमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेपर्यंत त्याचा हात पोचत नाही, तुमचा पोचतो. शाळा कधी सुरू झाली, इमारत कधी झाली, इतक्यापुरती ती स्मरणिका ठीक. तिच्यातली भाषणं आणि शुभेच्छा सोडून द्या.

मग २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका घ्या. गावाचा सहा आकडी कोड शोधा. लोकसंख्या, क्षेत्रफळ, शाळा-दवाखान्याच्या सोयी असं सगळं त्यात मिळेल. पुढे जुनी गॅझेटिअरं, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ. यवतमाळचं एक १९०८चं आहे, नेटवर वाचता येतं. त्याहून जुन्या कागदांत 'यवतमाळ जिल्हा' शोधत बसू नका, सापडणार नाही. १९०५पर्यंत तुमचा जिल्हा वणी जिल्हा होता आणि दारव्हा हा त्यातला एक तालुका. वणी म्हणून शोधा.

देवळाबद्दल हात आखडता ठेवा. चुन्याशिवाय रचलेलं काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की आपण हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. त्या नावानं ओळखली जाणारी कित्येक देवळं त्याच्या आधीची आहेत. तेव्हा छापील आधार मिळेपर्यंत शतक लिहू नका. पांडवांची गोष्ट मात्र कुठे छापलेली मिळाली तर जरूर लिहा, 'स्थानिक आख्यायिकेनुसार' असं म्हणून. आमच्या रिद्धपूरबद्दल लिहितानाही मी 'महानुभाव परंपरेनुसार' हे दोन शब्द विसरत नाही. त्यानं भक्तही दुखावत नाहीत आणि अभ्यासकही.

बोरांची गोष्ट राहू द्या. ती मी मूर्तिजापुरात ऐकली, अंजनगावात ऐकली, अचलपुरात तर ज्यानं त्यानं स्वतः बोरं वेचलेली आहेत! आजेसासूबाई खोटं बोलतात असं नाही, पण ज्ञानकोशात ती कोणाच्या नावावर टाकायची? त्यापेक्षा शकुंतलेचं पान उघडा आणि त्यातलं काय निराधार आहे ते पहा. ही रेल्वे टाकणारी किलिक निक्सन कंपनी, यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मँचेस्टरला १९२१मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन, १९९४ला आलेलं डिझेल, या सगळ्याला वर्तमानपत्रांचे आधार मिळतात. एकेका वाक्याला एकेक संदर्भ जोडत गेलात तर हात बसेल. स्वतःच्या गावाच्या पानावर माणूस हळवा होतो, परक्या पानावर होत नाही.

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे फोटो. फोटोला संदर्भ लागत नाही. देवळाची दारशाख (दाराची कोरीव चौकट), खांब, छत, बाहेर लिंबाखाली शेंदूर फासून ठेवलेल्या भंगलेल्या मूर्ती, सकाळच्या तिरप्या उन्हात मोबाइलवर टिपा आणि विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटो-ध्वनींच्या मुक्त भांडारात, चढवा. सार्वजनिक जागेतली इमारत किंवा कायम उभं असलेलं शिल्प यांचा फोटो आपल्या कायद्यात चालतो, पण आजच्या चित्रकारानं भिंतीवर काढलेल्या चित्राचा नाही. व्हॉट्सअॅपवर आलेला नको, पेपरच्या कात्रणाचाही नको. आणि एकदा मुक्त परवान्यानं दिला की तुमचं नाव देऊन कोणीही तो वापरेल, कॅलेंडरवर छापून विकेलसुद्धा. ते चालणार नसेल तर टाकू नका.

जाता जाता एक सांगतो. ज्ञानकोशाचं काम शहरातल्या विद्वानांचं असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ज्ञानकोशकार केतकर अमरावतीच्या शाळेत शिकले आणि त्यांचं ज्ञानकोश मंडळ नागपूरला उभं राहिलं.

पांढरकवड्याहून

मास्तर, मान्य, पण तुमच्या नियमात एक मोठं भोक आहे. तुमच्याकडे स्मरणिका तरी आहेत. आमच्याकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, काय आहे? सण, गाणी, झाडपाल्याचं ज्ञान, सगळं तोंडी. जे छापलंय ते बाहेरून आलेल्या साहेबांनी लिहिलेलं. म्हणजे साहेब म्हणेल ते ज्ञान आणि म्हातारी म्हणेल ती गप्पा?

मोर्शीचे_मास्तर

बरोबर बोललात, आणि यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नियम पाश्चात्त्य छापखान्याच्या सवयीतून आलाय, आपल्याकडे छापलेलं थोडं आणि सांगितलेलं फार. तरी नियम सैल करा असं मी म्हणणार नाही, कारण त्याच भोकातून सगळ्यांत आधी सरपंचच आत येतील.

वाट आहे ती शेजारून. म्हातारीची परवानगी घेऊन गाणं ध्वनिमुद्रित करा, कॉमन्सवर ठेवा. कोलामी शब्द विक्शनरीत, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड शब्दकोशात, घाला. आणि जिल्हा पुरवणीत किंवा एखाद्या नियतकालिकात तिच्या नावासकट लेख छापून आणा. तो कसा वापरायचा हे मग दुसऱ्या संपादकाला ठरवू द्या, लिहिणाऱ्यानं स्वतःच स्वतःचा आधार होऊ नये. वेळ लागतो, हे खरंच.

दारव्ह्याची_लेक

इतिहासाची युक्ती लागू पडली. सरपंचसाहेब बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, 'नाव राहू दे, देवळाचंच टाक.' आता तेच फोटो काढायला सोबत येतो म्हणताहेत.

शकुंतलेच्या पानाला हात घातला आहे. एक विचारायचं राहिलं. देवळाच्या उंबऱ्याजवळ एका दगडावर अक्षरं आहेत, अर्धी ऑइलपेंटखाली गेलेली. पुजारी म्हणतात, पेंट खरवडून देतो. मी वाचून अर्थ लिहू का?

मोर्शीचे_मास्तर

पुजाऱ्यांना आधी थांबवा! पातं लावलं की अक्षर जातं. आहे तसाच फोटो घ्या: एक समोरून, एक बाजूनं बॅटरीचा उजेड पाडून, एक शेजारी पट्टी ठेवून. अर्थ तुम्ही लावायचा नाही, तो स्वतःचा शोध होतो आणि तो विकिपीडियावर चालत नाही. फोटो कॉमन्सवर टाका, विकिपीडियाच्या चावडीवर (संपादकांच्या चर्चेच्या पानावर) दुवा द्या, आणि पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला एक साधा अर्ज टाका. अर्जावर सरपंचांची सही घ्या, तिथे तिचं वजन पडेल.