सगळा प्रसंग क्लोजअपमध्ये घेतला, तरी सपाट का वाटतो?

प्रश्न
नमस्कार. आमच्या लघुपटात आजी जमिनीच्या खरेदीखतावर अंगठा उठवते, असा प्रसंग आहे. भावना ठळक दिसावी म्हणून तो पहिल्यापासून क्लोजअपमध्येच, म्हणजे चेहरा चौकटभर येईल असा, चित्रित केला: आजी, मुलगा, पुन्हा आजी. संकलनाला बसल्यावर मात्र तो निर्जीव वाटतो. क्लोजअप म्हणजे भावना, दुरून घेतलेला लाँग शॉट म्हणजे परिसर, असे शिकलो होतो. मग चुकले कुठे?

उत्तर १
शॉटच्या आकाराला ठरलेला अर्थ नसतो. आधीचा शॉट केवढा होता, यावर पुढच्याचे वजन ठरते. आपण आरंभीच चेहऱ्याला भिडलात, त्यामुळे अंगठा उठण्याच्या क्षणी आणखी जवळ जायला जागाच उरली नाही. शिवाय आजी आणि मुलगा एकमेकांपासून किती दूर बसले आहेत, हे प्रेक्षकाला कधी दिसलेच नाही, आणि या प्रसंगाचे खरे दुःख तर त्या अंतरातच आहे. दारातून घेतलेल्या लाँग शॉटने सुरुवात करावी, बोलणे मिड शॉटमध्ये (माणूस कमरेपासून वर दिसेल असा) होऊ द्यावे आणि क्लोजअप एकच राखून ठेवावा. तोही चेहऱ्याचा नको; शाईने माखलेला, सुरकुतलेला अंगठा पुरे.

उत्तर २
सहमत आहे, पण ‘राखून ठेवा’ हाही नियम होऊ नये. व्ही. शांताराम यांच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) राजगुरूचा डोळा सुरुवातीलाच पडदा व्यापतो आणि त्याची दहशत पुढे चित्रपटभर पुरते. उलट ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर राहतो, त्यामुळे एका माणसाच्या व्यथेपेक्षा सगळ्यांना सामावून रेटत चाललेली यंत्रणा अधिक दिसते. तिथे क्लोजअपचा मारा केला असता, तर तो निव्वळ अश्रुपट झाला असता.

उत्तर ३
लेन्स कोणती होती? २४ मिमी, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स लावून जवळ गेल्यास नाक फुगते आणि कान मागे पळतात. ८५ मिमी, म्हणजे दूरचे मोठे दाखवणाऱ्या लेन्सने लांबून घेतलेला तेवढाच क्लोजअप शांत दिसतो. चेहरा चौकटीत तितकाच मोठा असतो, परिणाम मात्र वेगळा होतो.

प्रश्नकर्ता
२४ मिमीच होती. खोली दहा बाय दहाची असल्याने मागे सरकता येत नव्हते. आता कॅमेरा ओसरीवर ठेवून दारातून ८५ मिमीने आजीचे शॉट घेतो, आणि लाँग शॉटसाठी तिथूनच २४ मिमी लावतो. शाईचे पॅड तेवढे नवे आणावे लागेल, जुने वाळून गेले आहे.