सातबाऱ्यावरची डिजिटल सही खरी आहे, हे ठरते कसे?

प्रश्न
ऑनलाइन शुल्क भरून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावर उघडला, तेव्हा सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसले. दस्तऐवजाचा हॅश (मजकुरातून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) खासगी चावीने, म्हणजे फक्त सही करणाऱ्याजवळच्या गुप्त आकड्याने, कुलूपबंद केला की सही तयार होते, असे मी वाचले आहे. मग ही सही बनावट समजावी का? आणि हीच सही उचलून दुसऱ्या सातबाऱ्यावर चिकटवली, तर ते कळणार कसे?

उत्तर 1
दुसरी शंका आधी घेतो, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. हाताची सही प्रत्येक कागदावर सारखीच असते. डिजिटल सही मात्र त्या त्या फाइलच्या मजकुरातूनच निघते. एसएचए-256 ही हॅश काढण्याची रीत फाइलचा 256 बिटांचा हॅश काढते आणि गट क्रमांकातला एक अंक बदलला तरी हॅश पूर्णपणे वेगळा येतो. आरएसए या सही करण्याच्या पद्धतीचे अगदी लहान उदाहरण करून पाहा. सर्वांना माहीत असलेली सार्वजनिक चावी 33 आणि 3, खासगी चावी 7, हॅश 4 असे धरू. सही करणारा 4 चा सातवा घात काढतो, म्हणजे 16384; त्याला 33 ने भागल्यावर उरणारी बाकी 16, हीच सही. तपासणारा 16 चा घन करतो, 4096 ला 33 ने भागतो आणि बाकी 4 येते, हिशेब जुळला. हीच सही हॅश 5 असलेल्या फाइलला चिकटवली, तरी बाकी 4 च येणार, आणि लबाडी तिथेच उघडी पडते. खासगी 7 शोधायचा तर 33 चे अवयव पाडावे लागतात. इथे ते सोपे आहे, पण प्रत्यक्षात वापरली जाणारी 2048 बिटांची संख्या 617 अंकी असते.

उत्तर 2
प्रश्नचिन्हाचा अर्थ सही बनावट आहे असा नव्हे. हिशेब जुळणे आणि ती चावी नेमकी कोणाची हे ठरणे, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार चावी कोणाची हे सांगणाऱ्या भारतातील प्रमाणपत्रांची साखळी प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकाच्या, म्हणजे सीसीएच्या, मूळ प्रमाणपत्रापाशी संपते. ते आपल्या प्रोग्रामच्या विश्वासू यादीत नसेल, तर सही कोणाची हे तो सांगू शकत नाही. सहीच्या तपशिलात जाऊन ते प्रमाणपत्र यादीत घालता येते. पण त्याआधी त्याचा ठसा (म्हणजे त्या प्रमाणपत्राचा हॅश) सीसीएच्या संकेतस्थळावरील ठशाशी अवश्य ताडून पाहा. छापील प्रतीत मात्र सही उरतच नाही, कारण ती फाइलमध्ये असते. कागदासाठी त्यावरचा पडताळणी क्रमांक वापरावा.

उत्तर 3
'कुलूपबंद' या वर्णनाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते. सहीमुळे मजकूर लपत नाही, आणि ईसीडीएसएसारख्या दुसऱ्या सही-पद्धतीत कुलूप लावण्यासारखी क्रियाच नसते. तिथे प्रत्येक सहीसाठी एक नवा गुप्त आकडा लागतो. तोच आकडा दोन सह्यांना वापरला, तर दोन समीकरणांमधून खासगी चावी सरळ शाळेतल्या बीजगणिताने निघते. प्लेस्टेशन 3 या गेम खेळण्याच्या यंत्राच्या सह्यांमध्ये हा आकडा बदलतच नव्हता, हे 2010 मध्ये संशोधकांनी जाहीरपणे दाखवून दिले. 2013 च्या आरएफसी 6979 या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजामध्ये तो आकडा खासगी चावी आणि हॅश यांच्यावरूनच काढण्याची रीत दिलेली आहे. स्वतः प्रोग्राम लिहिणार असाल, तर तीच वापरावी.