पिशवीतलं दूध उकळायचं की नाही? (आणि कच्च्या खिम्याचं काय?)

स्टुटगार्टवाली
आई तीन महिन्यांसाठी आली आहे. पहिल्याच सकाळी तिने खोक्यातलं पाश्चराइज्ड (डेअरीतच तापवून जंतू मारलेलं) दूध पातेल्यात ओतून तीन उकळ्या काढल्या. साय धरेना, तेव्हा दुधावरच संशय. इकडे माझा जर्मन सहकारी न्याहारीला ब्रेडवर डुकराचा कच्चा खिमा आणि वर चिरलेला कांदा घेऊन बसतो. 'मेट' म्हणतात त्याला. खिम्याची भीती नाही, पण जनुक बदललेल्या मक्याचं नाव काढलं की चेहरा कडू.
माझं मत: अन्नातला धोका कुणी मोजत बसत नाही, सवयीचं ते सुरक्षित. आईचं दूध उकळणंही त्यातलंच. पटतंय का?

कोथरूडचा खवय्या
अजिबात नाही. काकूंचं बरोबर आहे. आमच्याकडे पहाटे साडेपाचला दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवलेल्या थैलीत पडते, आम्ही उठतो सातला. मे महिन्यात हात लावला तर पिशवी कोमट. डेअरीने काम चोख केलं असेल हो, पण डेअरी ते माझं दार यात टेम्पो आहे, लाइन टाकणारा पोरगा आहे, दुकानदाराचा रात्री बंद केलेला फ्रिज आहे. या सगळ्यांवर भरवसा टाकण्यापेक्षा पाच मिनिटं गॅस जाळणं परवडतं. ही सवय नाही, हिशोब आहे.
तुमचा जर्मन खिमा बिनधास्त खातो कारण तिथे कत्तल झालेल्या डुकराची ट्रायकिनेला कृमीसाठी तपासणी सक्तीची आहे. त्याची भीती दुसऱ्या कुणीतरी आधीच वाहिलेली आहे.

लीड्सहून
कोथरूडकरांना +१, आणि पुढचं. ही यंत्रणासुद्धा भीतीतूनच उभी राहते. डिसेंबर १९८८ मध्ये इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी बोलून गेल्या की देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनात साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) शिरलाय. विधान अतिशयोक्तीचं होतं. अंड्यांचा खप कोसळला, लाखो कोंबड्या मारल्या, दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. पण साल्मोनेला खोटा नव्हता. १९९८ पासून सिंहाच्या शिक्क्याच्या (ही इथली दर्जाची खूण) अंड्यांसाठी कोंबड्यांचं लसीकरण सुरू झालं आणि २०१७ मध्ये सरकारी अन्न संस्थेने सांगितलं की ती अंडी गरोदर बायकांनीही कच्ची खाल्ली तरी चालतील. लोक घाबरले नसते तर कोंबडीला लस कुणी टोचली असती?

सरकी पेंड
मी सांगली जिल्ह्यातला, दारात सहा म्हशी. गिऱ्हाईक मला एकच विचारतं, "पाणी घालत नाही ना?" आजवर एकाही माणसाने विचारलं नाही, म्हशीला खायला काय घालता. पावसाळ्यात गोणीचा तळ ओला झाला की पेंडीला हिरवट बुरशी धरते. तीच पेंड खाऊ घातली की त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं. ते उकळून जात नाही, काकूंनी तीनच्या जागी तेरा उकळ्या काढल्या तरी.
एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. जिवाला घातक भेसळ निघाली १२ मध्ये. अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर निघालं ते शेकड्यांमध्ये. पण व्हॉट्सॲपवर फिरतो तो युरियाचाच व्हिडिओ. भेसळ म्हटलं की शिव्या घालायला माणूस सापडतो. बुरशीला कोण शिव्या घालणार?

कोथरूडचा खवय्या
@सरकी पेंड, मुद्दा घेतला. तरी भेसळवाल्याची भीती फुकटची नाही. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन नावाचं रसायन घातलं ते माणसांनीच, प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून. सहा बाळं गेली, सुमारे तीन लाख आजारी पडली. बुरशीला शिव्या घालू नका, पण अशा माणसांना घालायच्याच.

स्टुटगार्टवाली
यंत्रणा आहे म्हणून जर्मन निर्धास्त, असं म्हणता? मग २०११ आठवा. ई. कोलाय या जंतूची साथ आली आणि पहिल्या झटक्यात खापर फुटलं स्पेनच्या काकड्यांवर. परदेशी काकडी म्हटल्यावर सगळ्यांना लगेच पटलं. निघालं काय, तर उत्तर जर्मनीतल्याच एका सेंद्रिय शेतातले मोड. बी इजिप्तहून आलेल्या मेथीचं. पन्नासहून जास्त माणसं दगावली. सेंद्रिय, ताजं, घरचं म्हटलं की इथेही डोळे मिटतात. ट्रायकिनेलाचं मान्य, पण त्या तपासणीत साल्मोनेला सापडत नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना कच्चा खिमा देऊ नका असं इथलंच सरकार सांगतं. सहकाऱ्याला विचारलं, तर म्हणे आजोबाही खायचे. म्हणजे सवयच की!
कोथरूडच्या कडीचं मात्र मान्य. माझ्या इमारतीत दूध फ्रिजमधून फ्रिजमध्ये येतं, ते मी धरलंच नव्हतं. आईला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. म्हणाली, "पेंडीचं त्या म्हशीवाल्याने बघावं. दूध मी उकळणार."

लीड्सहून
अवांतर: साय धरत नाही कारण ते दूध होमोजिनाइज्ड असतं, स्निग्धांश बारीक फोडलेला. सेंद्रिय दुकानात तसं न केलेलं काचेच्या बाटलीत मिळतं का बघ. काकूंचा निम्मा संशय तिथेच मिटेल.