विक्री तेवढीच, मग जास्त माल बनवला की नफा का वाढतो?

प्रश्न:
आमचं छोटं मॅन्युफॅक्चरिंग युनिट आहे, हिशेब मीच एक्सेलमध्ये ठेवतो. मागचे दोन्ही महिने विक्री १००० नग, भावही तोच. पहिल्या महिन्यात १००० नगच बनवले होते, दुसऱ्यात पुढे ऑर्डर येतील म्हणून १५०० बनवले, तर नफा २०,००० ने जास्त दिसतोय आणि बँकेत मात्र पैसे कमी झालेत. कच्चा माल आणि मजुरी नगामागे १०० पडते, शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, मशीनचा घसारा मिळून महिन्याला ६०,०००, ते मी बनलेल्या नगांनी भागतो. चार वेळा बेरीज तपासली, कुठे चुकतंय?

उत्तर १:
बेरीज बरोबरच आहे तुमची. पहिल्या महिन्यात भाडं-पगार-घसाऱ्याचे, म्हणजे ओव्हरहेडचे, ६०,००० भागिले १००० म्हणजे नगामागे ६० ओव्हरहेड, कॉस्ट १६०. दुसऱ्यात १५०० ने भागलं की ४०, कॉस्ट १४०. विकलेले नग १०००च, म्हणजे विकलेल्या मालाची कॉस्ट १,६०,००० वरून १,४०,००० वर आली, हाच तुमचा २०,००० चा नफा. खर्च कुठे गेला नाही, उरलेल्या ५०० नगांच्या अंगावर चढून स्टॉकमध्ये जाऊन बसलाय. क्लोजिंग स्टॉक ७०,०००, त्यात ५०,००० माल-मजुरीचे, ते पैसे बँकेतून गेले, आणि २०,००० ओव्हरहेडचे.
आता समजा पुढच्या महिन्यात ५००च बनवले आणि १००० विकले तर नगामागे ओव्हरहेड १२०, कॉस्ट २२०. जुने ५०० गुणिले १४० अधिक नवे ५०० गुणिले २२० म्हणजे १,८०,०००, नफा पहिल्या महिन्यापेक्षा बरोब्बर २०,००० ने कमी पडणार. तेव्हा घाबरू नका आणि आत्ताच्या नफ्यावर विसंबून पैसे काढूही नका, माल पडून राहिला तर फार जड जातं.

उत्तर २:
वरचं सगळं पटलं, फक्त एक. दर महिन्याला प्रत्यक्ष उत्पादनाने भागू नका, नॉर्मल कपॅसिटी, म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत सरासरी जेवढे नग बनतात तेवढे, धरा. आयएएस २ मध्ये, म्हणजे स्टॉकच्या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, तेच आहे. समजा तुमची नॉर्मल १२०० आहे तर ओव्हरहेडचा दर नगामागे ५० चा. १००० च बनले तर ५०,००० मालावर चढवायचे आणि उरलेले १०,००० सरळ त्याच महिन्याच्या खर्चात टाकायचे, स्टॉकमध्ये नाही. नाहीतर मंदीच्या महिन्यात बनलेला माल उगाच महाग दिसतो आणि तुम्ही कोटेशन चुकीचं देता (मी हे करून बसलोय, एक चांगली ऑर्डर गेली). मात्र १५०० सारखं खूप जास्त बनलं तर दर खाली आणायचा, नाहीतर खर्च झाला ६०,००० आणि चढवले ७५,००० असं होईल.
आणि सेल्सचं कमिशन, ऑफिसचा खर्च यातलं काही मालाच्या कॉस्टमध्ये घेत नाही ना? ते घ्यायचं नसतं.

प्रश्नकर्ता:
अरे बापरे, कमिशन घेत होतो! काढतो आजच. अजून एक, महिनाअखेरीला साधारण २०० नग मशीनवर अर्धवट असतात, ते मी धरतच नाही, चालेल का?

उत्तर १:
नाही चालणार, तो वर्क इन प्रोग्रेस आहे, तोही स्टॉकच. कच्चा माल सुरुवातीलाच पूर्ण लागत असेल तर त्याचा खर्च २०० नगांचा धरा, आणि काम निम्मं झालं असेल तर मजुरी नि ओव्हरहेड १०० नगांचं. मग सुरुवातीचा अर्धवट माल अधिक महिन्याचा कच्चा माल, मजुरी, ओव्हरहेड, वजा शेवटचा अर्धवट माल, ही तयार मालाची कॉस्ट. कच्चा माल म्हणजे वापरलेला हं, खरेदी केलेला नाही, तिथे बरेच जण फसतात.

उत्तर २:
आणि नेहमीची घट कॉस्टमध्येच राहू दे, पण मशीन बिघडून अख्खा लॉट खराब झाला तर ते नुकसान वेगळं दाखवा, चांगल्या नगांवर लादू नका.