ऑर्गनॉइड आतून काळे पडतात, मग औषधाचा निकाल खरा मानायचा का?

सायली_पीएचडी:
नमस्कार मंडळी. आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मागे नेऊन केलेल्या मूळपेशी) यकृताचे ऑर्गनॉइड, म्हणजे प्लेटमध्ये वाढणारे अवयवाचे छोटे गोळे, वाढवते. पंचविसाव्या दिवसापर्यंत गोळे 600 मायक्रॉनचे होतात. कडा सुरेख असतात, पण मधोमध काळा डाग दिसतो. पॅरासिटामॉल 48 तास दिलं, मात्रा चढवत नेली, तरी एटीपीचे आकडे (पेशी किती जिवंत आहेत ते सांगणारे) जवळपास तेच. त्यात औषध न दिलेल्या शेजारशेजारच्या वेलमध्येच (प्लेटमधल्या वाट्यांत) दुपटीचा फरक येतो! गटात सगळे म्हणतात, गोळा जितका मोठा तितका तो खऱ्या अवयवासारखा. मला ते आता पटेनासं झालंय. हे आकडे कुणाला दाखवण्याजोगे आहेत का?

पहाटपाळी:
सायली, हे आकडे सध्या वहीतच राहू देत. आठ वर्षं ऊती वाढवतेय, हा काळा डाग मीही पुष्कळ पाहिलाय. तुझ्या प्लेटमध्ये दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्यात.

आधी डाग. मीडियातला (पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवातला) ऑक्सिजन दाट ऊतीत साधारण 150 ते 200 मायक्रॉन आत शिरतो, तेवढ्यात वाटेतल्या पेशी तो संपवतात. तुझ्या गोळ्याचं केंद्र कडेपासून 300 मायक्रॉनवर आहे. शरीरातल्या यकृतात जवळपास प्रत्येक पेशीला लागून बारीक रक्तवाहिनी असते, इथे एकही नाही. म्हणजे आतला भाग औषध टाकण्याआधीच मेलेला. शिवाय एटीपीची चाचणी अख्ख्या गोळ्याचा मिळून एक आकडा देते. 500 आणि 600 मायक्रॉनचे गोळे डोळ्याला सारखेच वाटतात, पण घनफळात पावणेदोन पटीचा फरक असतो. तुझी दुप्पट बहुतेक इथूनच येते.

आता पॅरासिटामॉल. पेशीला मारतं ते मूळ औषध नव्हे. यकृतातली एन्झाइम्स, मुख्यतः सीवायपी2ई1, त्याचा एक भाग एनएपीक्यूआय नावाच्या विषारी रेणूत बदलतात. ग्लुटाथायोन हा विष निष्प्रभ करणारा रेणू असेपर्यंत पेशी तो निस्तरते, साठा संपला की मरते. आयपीएसपासून केलेल्या यकृतपेशी मात्र गर्भातल्या यकृतासारख्या कच्च्या राहतात. ही एन्झाइम्स त्यांच्यात फारच कमी. विषच तयार होत नसेल तर पेशी मरणार कशी? म्हणून औषध देण्याआधी अल्ब्युमिन (प्रौढ यकृताचं प्रथिन), एएफपी (गर्भातल्या यकृताचं प्रथिन) आणि सीवायपी एन्झाइम्सची क्रिया मोज. एएफपी अजून भरपूर असेल तर पेशी कच्च्या आहेत असं समज. शेजारी प्रौढ यकृतपेशींचा एक संच ठेव. त्यांत पॅरासिटामॉलचा परिणाम दिसला आणि तुझ्यात नाही, तर उत्तर तिथेच मिळेल.

आकारासाठी अगारोज या जेलच्या सूक्ष्म खळग्यांत मोजून सारख्या पेशी टाक आणि 200 मायक्रॉनच्या आसपास थांब. एटीपीला डीएनएने भाग, म्हणजे पेशी कमी-जास्त असल्याचा फरक निघून जाईल.

आणि मॅट्रिजेलचा (पेशींना आधार देणाऱ्या जेलचा) लॉट क्रमांक रोज लिही, हे अगदी कळकळीने सांगते. ते उंदराच्या ट्यूमरपासून येतं, दोन लॉट कधीच तंतोतंत सारखे नसतात. मी एकदा प्रयोगाच्या मध्येच लॉट बदलला आणि तीन महिने जो फरक औषधाचा समजत होते, तो जेलचा निघाला. त्या दिवशी रडले होते.

औषधशास्त्र_वाचक:
वरच्या उत्तरात एक भर. 48 तास कमी पडू शकतात. फियालुरिडिन आठवा, हिपॅटायटिस बीचं औषध. प्राण्यांत यकृताला धोका दिसला नव्हता. 1993 च्या चाचणीत 15 रुग्णांपैकी 7 जणांचं यकृत निकामी झालं, 5 दगावले, 2 प्रत्यारोपणामुळे वाचले. हे घडायला कित्येक आठवडे लागले, कारण औषध मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत हळूहळू घुसत होतं. ते आत नेणारा वाहक माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात असतो, उंदराच्या नसतो. या माणसांमुळे मला मानवी ऊतींचं हे काम इतकं महत्त्वाचं वाटतं. आशा धरायला जागाही आहे: 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 870 यकृत-चिपवर (मानवी यकृतपेशी वाढवलेल्या छोट्या उपकरणांवर) 27 औषधं तपासली. घातक औषधांपैकी 87 टक्के ओळखली गेली आणि निर्धोक औषधांपैकी एकालाही चुकून घातक ठरवलं नाही. पण त्या औषधांचे माणसातले परिणाम आधीच माहीत होते, हे विसरू नये.

सायली_पीएचडी:
ताई, दादा, मनापासून आभार. मग रक्तवाहिन्यांच्या पेशी मिसळून बघू का? 2013 साली जपानी संशोधक ताकेबे यांच्या गटाने तसे यकृताचे अंकुर केले होते.

पहाटपाळी:
त्यांच्या अंकुरांतून रक्त वाहिलं ते उंदरात रोपण केल्यावर. प्लेटमध्ये नुसत्या नळ्या उभ्या राहतात, त्यांतून काही वाहत नाही. तुझा प्रश्न पॅरासिटामॉलपुरता आहे, त्याला लहान गोळा पुरेल. आधी गोळ्याचे पातळ सेक्शन काप, मग मरणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या कॅस्पेस-3 ची स्टेनिंग कर.

सायली_पीएचडी:
तीन गोळे कापले. बाहेरची 140 ते 160 मायक्रॉनची कड जिवंत आहे, आतलं सगळं गेलंय. एएफपीही भरपूर. सेक्शनचे फोटो उद्या गटाच्या बैठकीत दाखवते. नवी बॅच खळग्यांत टाकली, लॉट क्रमांक वहीत पहिल्या ओळीवर.