डांबर वेचायला कसलं आलंय प्रशिक्षण?

खाडीकाठ (धागाकर्ता)
यंदाही जूनच्या पहिल्या उधाणाला आमच्या किनाऱ्यावर डांबरगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे चिकट गोळे, आले. पायाला चिकटले की साबणाने निघत नाहीत, खोबरेल नाहीतर रॉकेल चोळावं लागतं. गेल्या पावसात जेसीबीने ते तिथेच वाळूत पुरले होते. चैत्रात उन्हाने पाघळून परत वर!
आता ग्रामसभेपुढे प्रस्ताव आलाय. एक संस्था गावातल्या वीस जणांना, म्हणजे रिकामी पोरं आणि बचत गटाच्या बायका, किनारा-सफाईचं दोन आठवड्यांचं प्रशिक्षण देणार. निम्मं गाव हसतंय, मी बाजूने आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या झापांखाली, हाताला काम नाही. डांबर येतं तेही नेमकं पावसाळी वाऱ्याबरोबर, याच दिवसांत. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, १९९८ पासून दूषित जागांच्या आसपास राहणाऱ्या बेरोजगारांना असलं शिक्षण द्यायला अनुदान देते. आपल्याकडे का नको?

बांगडा_तिखलं
असहमत. घमेलं उचलायला शिकवायचं काय त्यात? माझ्या भाच्याकडे तीन दाखले आहेत: मोबाईल दुरुस्ती, मधमाश्या आणि कसलं तरी आदरातिथ्य. चालवतो रिक्षा. हा चौथा.

देवगडचो_झील
पोरान ट्रेनिंग घेतल्यान, दाखलो भिंतीर लावल्यान आणि मुंबैक गेलो. संपली गजाल.

तिसरी_पाळी
बांगडेराव, अकरा वर्षं केमिकल कारखान्यात काढली. टाकीच्या तळाचा गाळ काढायला ठेक्यावरचा पोरगा उतरायचा, तोंडाला रुमाल बांधून. संध्याकाळी दंडावर फोड. त्यालाही 'घमेलं उचलायला काय शिकवायचं' असंच म्हणाले होते.
शिकण्यासारखं भरपूर आहे. डांबर उघड्या हाताने धरायचं नाही, हात पेट्रोलने धुवायचे नाहीत. गोळे ओल्या कचऱ्यात टाकायचे नाहीत, जाळायचे तर मुळीच नाहीत. आणि जिथे कासवं अंडी घालतात तिथे जेसीबी नेतात का कोणी? खोरं आणि चाळण घेऊन माणसांनीच करायचं काम आहे ते.

कलम_दर_कलम
शिकवावं, हे मान्य. पण धागाकर्त्याने अमेरिकेची अर्धीच गोष्ट सांगितली. तिथे १९८० च्या कायद्याने घाण करणाऱ्याच्या खिशातून सफाईचा खर्च काढता येतो. शिवाय घातक कचऱ्याच्या जागी सफाईला उतरणाऱ्या कामगाराला साधारण चाळीस तासांचं प्रशिक्षण सक्तीचं. म्हणजे शिकलेला माणूस ठेकेदाराला हवाच असतो. नोकरी त्या सक्तीतून निघते, दाखल्यातून नाही.
आपल्या घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही कामगाराला प्रशिक्षण आणि साधनं द्यायची जबाबदारी आहे. ती त्या जागेचा ताबा असणाऱ्यावर. कारखान्याला मालक असतो. भरतीच्या वाळूत पडलेल्या गोळ्याला कोण? ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' एकमेकांवर आदळली, तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आलं. तेव्हा बोट दाखवायला जहाज तरी होतं. एरवीच्या डांबरावर जहाजाचं नाव नसतं.

बांगडा_तिखलं
हेच म्हणतोय मी! घाण करणारा खोल समुद्रात, निस्तरणार आमची पोरं.

खाडीकाठ
मालक सापडेपर्यंत गोळे तसेच ठेवायचे का मग? आणि गावाला पैसे मिळूच शकत नाहीत असं नाही. वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखतायत. आज तिथे पिल्लं बघायला माणसं येतात, घरोघरी उतरतात, जेवतात.

वहाळापलीकडे
कासवाचं पिल्लू बघायला पाहुणे येतील हो, डांबर बघायला कोण येणार?
मी त्या बचत गटातलीच. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला बहिणीचं घर धुवायला गेले होते. गुडघाभर चिखल, त्यात मेलेली उंदरं. लेप्टोच्या तापाची गोळी मिळाली, हातमोजे नाहीत. तेव्हा शिकण्याला माझी ना नाही. पण 'गावातल्या वीस जणांना' म्हणजे कुठल्या वीस? यादी मी पाहिली. अठरा नावं आमच्या वाडीची. वरच्या आळीत बेरोजगार नाहीत का? शिकायला आम्ही, उद्या गटार तुंबलं की हाक पण आम्हालाच. शिकलेली आहेत ना ती!

तिसरी_पाळी
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

खाडीकाठ
यादी मी पाहिली नव्हती, चूक कबूल. प्रस्तावात तीन दुरुस्त्या मांडतो: नावं सगळ्या वाड्यांतून, प्रशिक्षणाच्या दिवसांचीही मजुरी, आणि हातमोजे, गमबूट पंचायतीचे. पुढे काम निघालं तर कुशल मजुरीने. गोळा केलेलं डांबर कुठे न्यायचं ते संस्थेने लिहून द्यावं, नाहीतर पुन्हा जेसीबी आहेच.

बांगडा_तिखलं
कुशल मजुरी? ग्रामसेवक हसून मरेल. तरी मांडा, हात वर करीन मी. दाखल्याला मात्र माझा विरोध कायम.

वहाळापलीकडे
ग्रामसभा दुपारी तीनला ठेवलीय. आमच्या वाडीला नळ तीनलाच येतो. आधी वेळ बदलून घ्या.