तीन मालांची खरेदी एकाच खेपेत कशी बसवावी?

प्रश्न (नळजोड):
तालुक्याच्या गावी आमचे प्लंबिंगच्या सामानाचे दुकान असून सर्व माल पुण्याच्या एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून येतो. खरेदीच्या भावाने वर्षाला पाइप व फिटिंग १२ लाखांचे, नळ ३ लाखांचे आणि पाइप चिकटवण्याचे सॉल्व्हेंट सिमेंट अवघे १५ हजारांचे खपते. टेम्पोत एक माल असो की तिन्ही, भाडे खेपेला २,४०० रुपये पडते. शिवाय दर मालामागे मोजणी, तपासणी व नोंद यांचे सुमारे १०० रुपये वेगळे. कॅश क्रेडिटचे (बँकेच्या खेळत्या कर्जाचे) व्याज, जागा आणि खराबी मिळून साठा सांभाळण्याचा वार्षिक खर्च मी किमतीच्या २० टक्के धरतो.

किफायतशीर मागणीचे सूत्र (खेपेचा व साठवणीचा खर्च मिळून कमीत कमी होईल अशी मागणी काढणारे) प्रत्येक मालाला स्वतंत्रपणे लावले, तर पाइप वर्षातून ७ वेळा, नळ साडेतीन वेळा आणि सिमेंट साडेपंधरा महिन्यांतून एकदा मागवावे, असे उत्तर येते. मात्र पाइपचा टेम्पो येऊन आठवडा होत नाही तोच नळांसाठी पुन्हा टेम्पो बोलवावा लागतो, हे खटकते. भाडे तिन्ही मालांवर ८०० रुपयांप्रमाणे वाटून सूत्र पुन्हा लावावे का?

उत्तर १ (साठेगणित):
भाडे असे वाटू नये. ८०० धरताच सूत्राला प्रत्येक खेप स्वस्त वाटू लागते आणि ते पाइप साडेअकरा वेळा, नळ पावणेसहा वेळा, सिमेंट सव्वा वेळा मागवायला सांगते; पण तारखा जुळत नसल्याने टेम्पो साडेअठरा वेळा येतो आणि दर वेळी पूर्ण २,४०० घेऊन जातो. आज आपला वार्षिक खर्च (भाडे, हाताळणी व साठवण मिळून) सुमारे ५५,८०० रुपये आहे, तो या वाटणीने ६३,००० च्या पुढे जाईल.

फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले ते सूत्र एका मालापुरते आहे. येथे दोन खर्च वेगळे ठेवावे लागतात: एक खेपेचा, जो सर्वांचा मिळून एकदाच होतो, आणि दुसरा मालागणिक होणारा. आधी सर्वांसाठी एक समान अंतर ठरवावे आणि मग कोणता माल दर खेपेला, कोणता एकाआड एक खेपेला घ्यायचा, ते पाहावे. आपल्या आकड्यांत पाइप व नळ दर खेपेला आणि सिमेंट एकाआड एक असे बसते. खेपा वर्षाला सुमारे साडेसात होतात आणि खर्च ४०,३०० च्या आसपास येतो. तिन्ही माल दर वेळी घेतले तरी तो ४०,४५० होतो, म्हणजे दोनशे रुपयांचाही फरक नाही. खरी बचत टेम्पो सामाईक करण्यात आहे.

सुमारे सात आठवड्यांचे हे अंतर आपल्या सोयीनुसार थोडे हलवले तरी चालेल, कारण तळाशी खर्चाचा आलेख सपाट असतो. दर दोन महिन्यांनी माल आणल्यास खर्च ४१,४०० होतो. दर महिन्याला आणल्यास मात्र तो ४४,५५० वर जातो.

उत्तर २ (गोदामवाला):
वरील हिशेब खप एकसारखा आहे, असे मानून केलेला आहे. प्रत्यक्षात एखाद्या बांधकामाचा ठेकेदार येऊन एका दिवसात निम्मे नळ उचलून नेतो आणि वेळापत्रक कोलमडते. अशा ठिकाणी प्रत्येक मालाच्या तीन पातळ्या ठरवाव्यात: जिच्याखाली साठा गेल्यास मागणी करावीच लागते ती, जिच्याखाली साठा असल्यास दुसऱ्या मालामुळे टेम्पो निघतच असताना हाही माल भरून घ्यावा ती, आणि माल जिथपर्यंत भरायचा ती. मधली पातळी फार वर ठेवली, तर दर खेपेला थोडाथोडा माल मोजत बसावे लागते. फार खाली ठेवली, तर पुन्हा वेगवेगळे टेम्पो सुरू होतात. ती कागदावर नेमकी काढणे किचकट आहे, म्हणून आम्ही आपला एका खेपेच्या अंतरातील सरासरी खप खालच्या पातळीत मिळवून सुरुवात केली आणि चार-पाच खेपांनंतर तीत फेरफार केला.

सिमेंटबाबत आणखी एक गोष्ट. ते डब्यात घट्ट होते आणि त्याच्यावर मुदत छापलेली असते, त्यामुळे साडेपंधरा महिन्यांचा साठा हे सूत्राचे उत्तर दुकानाच्या उपयोगाचे नाही. एकाआड एक खेपेत ते सव्वातीन महिन्यांपुरतेच येईल.

प्रश्नकर्ता (नळजोड):
भाडे वाटण्यातील चूक ध्यानात आली. नळांचा खप सर्वांत लहरी असल्याने मधली पातळी आधी नळांनाच लावून पाहतो. पाइपांनी टेम्पो जवळजवळ भरतो. तेव्हा सात आठवड्यांचे पाइप आणि नळ एका खेपेत मावतात का, हे पुढच्या वेळी माल उतरवतानाच मोजून घेईन. मावले नाहीत, तर दुसऱ्या टेम्पोचे २,४०० हिशेबात धरून अंतर कमी करावे लागेल, असे दिसते.

उत्तर १ (साठेगणित):
होय. मात्र एकच टेम्पो पुरेल असे सर्वांत मोठे अंतर आधी काढा. ते पाच आठवडे निघाले, तरी वर्षाचा खर्च ४२,३०० च्या आतच राहतो.